व्यत्यय आधीच माहीत असेल तर: मळक्या कागदावरचं कोडिंग

रिसीव्हरपर्यंत पोहोचणारा सिग्नल म्हणजे तीन गोष्टींची बेरीज: आपण पाठवलेलं, वाटेत मिसळलेला व्यत्यय आणि नॉइज, म्हणजे आपोआप मिसळणारी यादृच्छिक खरखर. नॉइज कुणालाच आधी कळत नाही. व्यत्ययाचं तसं नाही. पुष्कळदा तो आपल्याच यंत्रणेतून आलेला असतो, त्यामुळे ट्रान्समीटरला तो अगोदरच ठाऊक असतो. एक टॉवर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन मोबाइलना वेगवेगळा डेटा पाठवतो तेव्हा एकाचा सिग्नल दुसऱ्याला त्रास देतो, पण दोन्ही सिग्नल टॉवरनेच बनवलेले असतात. तांब्याच्या तारेतून पाठवलेल्या चिन्हाची (चिन्ह म्हणजे एका वेळी पाठवलेलं एक मूल्य) शेपटी पुढच्या चिन्हावर चढते. मागचं चिन्ह कोणतं होतं हे पाठवणाऱ्याला माहीत असतंच. फोटोत वॉटरमार्क दडवायचा असेल तर वॉटरमार्कच्या दृष्टीने तो फोटोच व्यत्यय असतो, आणि तो आपल्यासमोर उघडा असतो.

हीच माहिती रिसीव्हरकडे असती तर काम सोपं होतं, व्यत्यय वजा केला की झालं. इथे मात्र माहिती ट्रान्समीटरकडे आहे आणि त्रास रिसीव्हरला आहे. तरीही १९८३ साली मॅक्स कोस्टा यांनी सिद्ध केलं की व्यत्यय ट्रान्समीटरला पूर्ण माहीत असेल आणि नॉइज गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा पसरलेला) असेल, तर जास्तीत जास्त डेटा-वेग तेवढाच राहतो जेवढा व्यत्यय मुळात नसताना मिळाला असता. व्यत्यय कितीही मोठा असो, जास्तीची शक्ती लागत नाही. त्यांनी या प्रश्नाला मळक्या कागदावर लिहिण्याची उपमा दिली: लिहिणाऱ्याला डाग दिसतात, वाचणाऱ्याला मात्र डाग कुठला आणि शाई कुठली हे ओळखता येत नाही. तेव्हापासून या तंत्राला 'डर्टी पेपर कोडिंग' म्हणतात.

पहिल्यांदा ऐकताना हे अशक्य वाटतं. म्हणून आधी साधे उपाय कुठे अडतात ते आकड्यांत पाहू.

साधे उपाय का पुरत नाहीत

समजा पाठवायची शक्ती १० एकक, व्यत्ययाची शक्ती १०० आणि नॉइजची १. व्यत्यय नसता तर दर चिन्हामागे अर्धा गुणिले लॉग (पाया २) ११, म्हणजे १.७३ बिट गेले असते. व्यत्ययाकडे दुर्लक्ष करून त्यालाही नॉइजच मानलं तर गुणोत्तर १० भागिले १०१ एवढंच उरतं आणि दर चिन्हामागे ०.०७ बिटही मिळत नाही. वेग जवळजवळ पंचवीसपट घसरला.

दुसरा उपाय पटकन सुचतो: व्यत्यय माहीत आहे, तर तो पाठवतानाच वजा करून टाकू. पण १०० एककांचा व्यत्यय खोडायला १०० एकक शक्ती लागते आणि आपल्याकडे आहेत १०. सगळी शक्ती खोडण्यातच घातली तरी जवळपास ४७ एकक व्यत्यय शिल्लक राहतो, आणि मजकुरासाठी काहीच उरत नाही. व्यत्यय ९ एककांचा असता तर तो पूर्ण खोडता आला असता, पण मग मजकुराला १ एकक उरतं आणि दर चिन्हामागे फक्त अर्धा बिट जातो. व्यत्ययाशी झुंजायला गेलं की शक्ती त्यातच खर्च होते.

एका संदेशाची अनेक रूपं

यातून बाहेर पडायची वाट आहे: प्रत्येक संदेशाला एकच ठरलेलं रूप द्यायचं नाही, अनेक द्यायची. मग समोर जो व्यत्यय असेल त्याच्याशी सर्वांत जास्त जुळणारं रूप निवडायचं. रिसीव्हरला कुठलं रूप निवडलं हे कळायची गरज नाही. सगळी रूपं त्याला एकाच संदेशाकडे नेतात.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते अडकलेल्या मेमरी सेलच्या उदाहरणात. कुझ्नेत्सोव्ह आणि त्सिबाकोव्ह यांनी १९७४ साली हा प्रश्न मांडला होता. आठ सेल आहेत आणि त्यांतला एक ० किंवा १ वर कायमचा अडकलेला आहे. लिहिणारं सर्किट तपासून तो कुठला ते शोधू शकतं. वाचणाऱ्या सर्किटला त्याचा पत्ता नाही. तरीही सात बिट बिनचूक साठवता येतात. सात बिटांच्या पुढे एक शून्य लावा. अडकलेल्या सेलमध्ये हवं तेच मूल्य असेल तर तसंच लिहा. नसेल तर आठही बिट उलटे करून लिहा. वाचणारा पहिला बिट पाहतो: ० असेल तर पुढचे सात जसेच्या तसे घेतो, १ असेल तर सगळे उलटतो.

करून पाहा. संदेश १०११००१. पुढे शून्य लावल्यावर ०१०११००१. चौथा सेल ० वर अडकला आहे आणि आपल्याला तिथे १ हवा आहे. मग सगळे उलटे करू: १०१००११०. चौथ्या जागी आता ० आला, सेलला जे येतं तेच आपण मागितलं. वाचणाऱ्याने पहिला बिट १ पाहिला, सगळे उलटले, संदेश हाती आला. खुद्द पहिला सेल अडकलेला असला तरी ही युक्ती चालते. आठ सेलांतून एक खराब, म्हणून सात बिट. खराब सेल वाचणाऱ्याला माहीत असता तरी याहून जास्त मिळालं नसतं. इथे प्रत्येक संदेशाला दोन रूपं होती. सेल जास्त अडकले तर जास्त रूपं लागतात, कल्पना तीच.

मॉड्युलोची युक्ती, एका चिन्हावर

आता हेच रेडिओ किंवा तारेच्या सिग्नलवर. चार पातळ्यांचं साधं मॉड्युलेशन घ्या: −३, −१, १, ३. प्रत्येक पातळीच्या प्रती दर ८ अंतरावर आहेत असं माना. म्हणजे '३' हे चिन्ह ३ वरही आहे, ११ वरही, १९ वरही, −५ आणि −१३ वरही. रिसीव्हर जे मिळेल त्यातून ८ च्या पटी काढतो, उत्तर −४ ते ४ मध्ये आणतो आणि जवळची पातळी ठरवतो. या क्रियेला मॉड्युलो म्हणतात.

पाठवायचं आहे ३, आणि वाटेत १३.४ एवढा व्यत्यय मिसळणार आहे. थेट वजाबाकी केली तर −१०.४ पाठवावं लागेल, ते परवडत नाही. पण ३ च्या प्रतींपैकी १३.४ च्या सर्वांत जवळची कोणती? ११. म्हणून पाठवायचं ११ वजा १३.४, म्हणजे −२.४. (−१०.४ मध्ये ८ मिळवले तरी हेच येतं. ट्रान्समीटरमध्येही मॉड्युलोच चालतो.) व्यत्यय मिसळल्यावर ११.० झालं. त्यात ०.३ नॉइज आला, रिसीव्हरला ११.३ मिळालं. ८ वजा केले, ३.३ उरलं, जवळची पातळी ३. व्यत्यय १३.४ होता हे रिसीव्हरला शेवटपर्यंत कळलं नाही.

व्यत्यय १३.४ ऐवजी १३४० असता तरी पाठवायचं मूल्य −४ ते ४ च्या बाहेर गेलं नसतं, कारण कुठल्याही ठिकाणापासून ३ ची एखादी प्रत चार एककांच्या आत असतेच.

ही युक्ती कोस्टा यांच्या आधीची आहे. टॉमलिन्सन यांनी १९७१ साली आणि हाराशिमा व मियाकावा यांनी १९७२ साली ती स्वतंत्रपणे मांडली, म्हणून तिला टॉमलिन्सन–हाराशिमा प्रिकोडिंग (पाठवण्याआधीच केलेली दुरुस्ती) म्हणतात. त्यांच्यासमोर प्रश्न होता तारेतल्या मागच्या चिन्हांच्या शेपटीचा. समजा तारेचा स्वभाव असा की प्रत्येक चिन्हावर मागच्या चिन्हाचा ०.९ भाग येऊन पडतो. नेहमीचा उपाय म्हणजे रिसीव्हरने मागचं चिन्ह ठरवून त्याचा ०.९ भाग वजा करणं. पण तिथे एक निर्णय चुकला की पुढची वजाबाकी चुकते, मग त्यापुढची, आणि चुकांची माळ लागते. एरर-करेक्शन कोड असेल तर आणखी पंचाईत: कोड उलगडून पक्का निर्णय येईपर्यंत शेकडो चिन्हं पुढे निघून गेलेली असतात, आणि वजाबाकी तर लगेच हवी असते.

ट्रान्समीटरकडे हा प्रश्नच नाही, आपण काय पाठवलं ते त्याला अचूक माहीत असतं. समजा ३, −१, ३ पाठवायचं आहे. पहिलं ३ तसंच जातं. दुसऱ्यासाठी −१ वजा २.७, म्हणजे −३.७. तिसऱ्यासाठी ३ अधिक ३.३३, म्हणजे ६.३३, हे हद्दीबाहेर, म्हणून ८ वजा करून −१.६७. तारेच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या वेळी −१.६७ मध्ये −३.३३ मिसळून −५ येतं. ८ मिळवा: ३. मॉड्युलो नसता तर ०.९ ची शेपटी ट्रान्समीटरमध्ये उलटवायला सरासरी ५.२६ पट, म्हणजे ७ डेसिबेलहून जास्त शक्ती लागली असती.

१० गिगाबिटच्या तांब्याच्या इथरनेटमध्ये, म्हणजे २००६ च्या १० जीबेस-टी मानकात, हेच तंत्र आहे. चार जोड्या, प्रत्येकीवर सेकंदाला ८० कोटी चिन्हं, −१५ ते १५ मधल्या सोळा विषम पातळ्या, सोबत एलडीपीसी हा एरर-करेक्शन कोड आणि ट्रान्समीटरमध्ये टॉमलिन्सन–हाराशिमा. केबल जोडल्यावर सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये रिसीव्हर तारेचा स्वभाव मोजतो, प्रिकोडरचे गुणक ठरवतो आणि समोरच्या टोकाला कळवतो. तार हलत नाही, तिचा स्वभाव मिनिटामिनिटाला बदलत नाही. या तंत्राला याहून सोयीची जागा क्वचितच असेल.

किंमत कुठे मोजावी लागते

वरच्या उदाहरणावरून सगळं फुकटात मिळतंय असं वाटेल. एका-एका चिन्हावर मॉड्युलो केल्याने तीन तोटे होतात, आणि ते वेगवेगळे ओळखता यायला हवेत, कारण प्रत्येकावरचा इलाज निराळा आहे.

पहिला तोटा लहान आहे. मॉड्युलोनंतर पाठवलं जाणारं मूल्य −४ ते ४ मध्ये कुठेही सारख्या शक्यतेने पडतं. त्याची सरासरी शक्ती ६४ भागिले १२, म्हणजे ५.३३. मूळ चार पातळ्यांची शक्ती ५ होती. फरक ०.२८ डेसिबेल. दोनच पातळ्या असतील तर तो १.२५ डेसिबेल होतो, सोळा असतील तर ०.०२ सुद्धा राहत नाही. पातळ्या जास्त घेतल्या की हा तोटा विसरता येतो.

दुसरा तोटा कडेला होतो. साध्या मॉड्युलेशनमध्ये ३ वर १.२ एवढा नॉइज आला तर ४.२ मिळतं आणि उत्तर तरीही ३ येतं, कारण पलीकडे कुणी शेजारी नाही. मॉड्युलोमध्ये ४.२ फिरून −३.८ होतं आणि −३ वाचलं जातं. आता प्रत्येक पातळीला दोन शेजारी आहेत. सिग्नल जोरकस असेल तर याने फार बिघडत नाही, पण सिग्नल नॉइजच्या जवळपास आला की हा तोटा सगळं गिळून टाकतो. म्हणूनच कमजोर सिग्नलवर साधा मॉड्युलो वापरणं हा चुकीचा निर्णय आहे. तिथे पुढे येणारा अल्फा लागतोच.

तिसरा तोटा आकाराचा. सरळ रेषेवरच्या समान तुकड्यात पसरलेला सिग्नल हा गाउसियन आकाराच्या सिग्नलपेक्षा शक्तीच्या हिशेबात महाग पडतो. जोरकस सिग्नलच्या टोकाला हा फरक पाय (π) गुणिले ई (e) भागिले ६, म्हणजे १.५३ डेसिबेल, दर चिन्हामागे पाव बिट. तो भरून काढायचा तर एकेका चिन्हावर मॉड्युलो करून भागत नाही, चिन्हांचे गट घेऊन अनेक मितींच्या जाळीवर, म्हणजे लॅटिसवर, करावा लागतो. दोन मितींच्या षट्कोनी जाळीने ०.१७ डेसिबेल परत मिळतात, आठ मितींच्या ई-८ जाळीने ०.६५, चोवीस मितींच्या लीच जाळीने १.०३. त्यापुढचं मिळवण्यासाठी कन्व्होल्युशनल कोड (चिन्हांना मागच्या चिन्हांशी साखळीसारखं जोडणारा कोड) आणि व्हिटर्बी शोध (अशा साखळीतली सर्वांत जवळची वाट शोधण्याची पद्धत) यांचा उपयोग चिन्हांची लांब माळ एकत्र 'जवळच्या प्रतीवर' बसवण्यासाठी करतात. इथे व्हिटर्बी नेहमीसारखा रिसीव्हरमध्ये नसतो, तो ट्रान्समीटरमध्ये बसतो.

अल्फा: सगळा व्यत्यय वजा करायचा नाही

कोस्टा यांच्या निष्कर्षाचा गाभा इथे आहे, आणि नवशिके नेमके इथेच घसरतात. मॉड्युलोत आपण पूर्ण व्यत्यय हिशेबात धरला. कोस्टा यांच्या रचनेत त्याचा एक भागच धरतात. त्या गुणकाला अल्फा म्हणतात: सिग्नलची शक्ती भागिले सिग्नल आणि नॉइज यांच्या शक्तींची बेरीज. शक्ती १०, नॉइज १ असेल तर अल्फा ०.९१. दोन्ही सारखे असतील तर ०.५. गंमत अशी की व्यत्यय किती मोठा आहे याचा अल्फाशी काही संबंध नाही.

काम असं चालतं. ट्रान्समीटर संदेशाच्या पातळीतून अल्फा पट व्यत्यय वजा करतो आणि मॉड्युलो घेतो. रिसीव्हर मिळालेल्या सिग्नलला अल्फाने गुणतो आणि मॉड्युलो घेतो. आकडेमोड केली की रिसीव्हरकडे उरतं ते संदेश, अधिक अल्फा पट नॉइज, वजा पाठवलेल्या सिग्नलचा (१ वजा अल्फा) एवढा भाग. हा शेवटचा भाग आपणच ओढवून घेतलेला नॉइज आहे. मग फायदा काय? खऱ्या नॉइजला अल्फाने गुणल्यामुळे तो जेवढा घटतो, तेवढी भर हा नवा भाग घालत नाही. शक्ती १ आणि नॉइज १ घ्या. अल्फा अर्धा. खऱ्या नॉइजचं राहिलं पाव, स्वतःचं आलं पाव, एकूण अर्धा. पूर्ण व्यत्यय धरला असता तर नॉइज १ च राहिला असता.

वेगाच्या सूत्रात याचा परिणाम लख्ख दिसतो. सर्वोत्तम जाळी वापरूनही अल्फा १ ठेवला तर हाती येतो शक्ती भागिले नॉइज याच्या लॉगचा अर्धा भाग. दोन्ही सारखे असतील तर शून्य बिट. योग्य अल्फा घेतला की लॉगच्या आतल्या गुणोत्तरात १ मिळतो आणि तिथेच अर्धा बिट येतो, अगदी व्यत्ययच नसल्यासारखा. शक्ती नॉइजच्या हजारपट असेल तर त्या १ ने काही बिघडत नाही. सारखीच असेल तर सगळं त्या १ वरच आहे.

या रचनेत आणखी एक भाग असतो: डिथर. दोन्ही टोकांना माहीत असलेली यादृच्छिक संख्यांची माळ ट्रान्समीटर वजा करतो आणि रिसीव्हर परत मिळवतो. ती असली की पाठवलेला सिग्नल व्यत्ययाच्या आणि संदेशाच्या मूल्यावर अवलंबून राहत नाही, त्यामुळे वरचा 'स्वतःचा' नॉइज खरोखर नॉइजसारखा वागतो आणि व्यत्ययाचा आकार काहीही असला तरी हिशेब टिकतो. दोन्ही टोकांचे संख्या-जनक एका चिन्हाने जरी मागेपुढे झाले तरी रिसीव्हरच्या हाती निव्वळ कचरा येतो. यंत्रणा बसवताना हे पहिल्यांदा तपासावं.

कोस्टा यांनी ज्यावर बांधकाम केलं ते सर्वसाधारण सूत्र गेलफांड आणि पिन्स्कर यांनी १९८० साली दिलं होतं. त्याचा अर्थ आता सोपा वाटेल: कोडबुकात, म्हणजे सगळ्या संदेशांच्या सगळ्या रूपांच्या यादीत, जितके शब्द रिसीव्हर ओळखू शकतो, त्यातून व्यत्ययाशी जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या पर्यायांचा खर्च वजा करा, उरलं ते संदेशासाठी. आपल्या १०, १००, १ या आकड्यांत रिसीव्हर दर चिन्हामागे ३.३४ बिटांचे शब्द ओळखतो, १.६१ बिट जुळवाजुळवीत जातात, १.७३ उरतात. शंभर चिन्हांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक संदेशाला २ चा १६० वा घात एवढे पर्याय लागतात. एवढी यादी साठवणं किंवा चाळणं कुठल्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून जाळ्यांची मदत घ्यायची: त्यांच्या नियमितपणामुळे 'जवळची प्रत' यादी न चाळता हिशेबाने सापडते. एरेझ, शमाई आणि झामिर यांनी २००५ मध्ये जाळी, अल्फा आणि डिथर मिळून कोस्टा यांची मर्यादा गाठता येते हे दाखवलं.

एक टॉवर, अनेक मोबाइल

या विषयाकडे २००० नंतर एकदम लक्ष गेलं ते अनेक अँटेनांच्या टॉवरमुळे. दोन अँटेना आणि दोन मोबाइल घ्या. पहिल्या मोबाइलला फक्त पहिली अँटेना ऐकू येते, १ एवढ्या जोराने. दुसऱ्याला पहिली ०.८ आणि दुसरी ०.६ एवढ्या जोराने. पहिल्याचा डेटा पहिल्या अँटेनावरून गेला की तो दुसऱ्याच्या कानावरही आदळतो.

झिरो-फोर्सिंग हा सरळ उपाय असा की प्रत्येकाचा सिग्नल अँटेनांवर अशा प्रमाणात वाटायचा की दुसऱ्याला तो अजिबात पोहोचू नये. गणित केलं तर पहिल्याचा सिग्नल ०.६ आणि −०.८ असा वाटावा लागतो, आणि त्याची पोहोचलेली शक्ती १ वरून ०.३६ वर येते. दुसऱ्याचीही ०.३६. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून पहिल्याने साडेचार डेसिबेल गमावले.

डर्टी पेपर कोडिंगमध्ये आधी पहिल्याचा सिग्नल ठरवायचा आणि पूर्ण जोराने पाठवायचा. तो दुसऱ्याला किती व्यत्यय करील हे आता टॉवरला माहीत आहे, म्हणून दुसऱ्याचं कोडिंग त्या व्यत्ययाशी जुळवून करायचं. पहिल्याला १, दुसऱ्याला ०.३६. प्रत्येकाला १० शक्ती आणि १ नॉइज धरला, चिन्हं दोन मितींची धरली, तर आदर्श कोडिंगने एकूण ५.६६ बिट जातात, झिरो-फोर्सिंगने ४.४०. दोन मोबाइल टॉवरकडून पाहता जवळजवळ एकाच दिशेला असतील तर फरक आणखी वाढतो, तिथे झिरो-फोर्सिंग दोघांचंही मातेरं करतं. क्रम कुणाचा आधी लावायचा हा खरा निर्णय आहे, कारण आधी येणारा नंतरच्याला व्यत्यय करतो, पण नंतरचा कोडिंगने सुटतो. आधीच्याला मात्र नंतरच्याचा व्यत्यय, असल्यास, सोसावाच लागतो.

काअर आणि शमाई यांनी २००३ मध्ये हा मार्ग उघडला. वाइनगार्टन, स्टाइनबर्ग आणि शमाई यांनी २००६ मध्ये सिद्ध केलं की गाउसियन नॉइज असलेल्या अशा टॉवरसाठी याहून चांगलं काही असूच शकत नाही. तरीही प्रत्यक्षातले बहुतेक टॉवर झिरो-फोर्सिंगसारखी साधी, रेषीय तंत्रंच वापरतात. कारण पुढे आहे.

बिघडतं कुठे

'व्यत्यय माहीत आहे' या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे. प्रत्यक्षात टॉवरला चॅनेलचा, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो याचा, फक्त अंदाज असतो, आणि मोबाइल हलत असेल तर तोही काही मिलिसेकंद शिळा. व्यत्ययाची शक्ती १०० आणि आपल्या अंदाजात ५ अंशांची फेज चूक (लहरीच्या चक्रातल्या जागेची चूक) असेल तर ०.७६ एकक व्यत्यय शिल्लक राहतो, म्हणजे नॉइजच्या पाऊणपट. १० अंशांची चूक असेल तर ३ एककांहून थोडा जास्त, म्हणजे नॉइजच्या तिप्पट. 'व्यत्यय कितीही मोठा असला तरी चालतो' हे कागदावर खरं आहे. पण चुकीचा शिल्लक भाग व्यत्ययाच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून प्रत्यक्षात मोठ्या व्यत्ययासाठी तितकाच अचूक अंदाज लागतो. स्थिर तारेवर तो मिळतो, चालत्या गाडीतल्या मोबाइलवर मिळत नाही.

दुसरी जागा म्हणजे रिसीव्हरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट मोठा करून मोजतो ते. ११ वरची प्रत पाच टक्के जास्त मोजली गेली तर ११.५५ येतं, ८ वजा करून ३.५५, उत्तर ३ बरोबर. पण व्यत्यय मोठा होता आणि निवडलेली प्रत ४३ वर होती असं समजा. पाच टक्के जास्त म्हणजे ४५.१५, त्यातून ४८ वजा केले की −२.८५, आणि वाचलं जातं −३. चिन्ह चुकलं. साध्या मॉड्युलेशनमध्ये खपून जाणारी गेनची चूक इथे प्रतीच्या अंतराने गुणली जाते. त्यासाठी पायलट चिन्हं (दोन्ही टोकांना आधीच माहीत असलेली, मोजमापासाठीची चिन्हं) मॉड्युलोतून न नेता वेगळी पाठवतात, म्हणजे गेन स्वच्छ मोजता येतो. याच कारणाने ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरची मर्यादा सिग्नल अधिक व्यत्यय अशी बेरीज धरून ठेवावी लागते. मॉड्युलोच्या आधीच सिग्नल छाटला गेला तर नंतर काहीही वाचत नाही.

तिसरी चूक सॉफ्टवेअरमध्ये फार वेळा दिसते. एलडीपीसीसारख्या कोडला प्रत्येक बिटाची खात्री किती हे सांगावं लागतं. मॉड्युलोनंतर ३.८ मिळालं तर ३ हे ०.८ अंतरावर आहे, आणि −३ ची प्रत ५ वर, म्हणजे फक्त १.२ अंतरावर. जुनाच हिशेब वापरला तर −३ हे ६.८ अंतरावर दिसतं आणि डिकोडरला खोटी खात्री दिली जाते. त्याने एरर-रेट एका पातळीवर अडकून बसतो, शक्ती वाढवूनही पटकन उतरत नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक पातळीसाठी शेजारच्या दोन-तीन प्रतींची शक्यता एकत्र बेरजेत घ्या. बिटांची वाटणी ००, ०१, ११, १० अशी केली की दोन टोकांच्या पातळ्यांतही एकाच बिटाचा फरक राहतो, त्यामुळे कडेवरून घसरलेलं चिन्ह एकच बिट बिघडवतं.

वॉटरमार्क

फोटोच्या उदाहरणात चॅनेलचा अंदाज चुकायचा प्रश्न येत नाही, कारण फोटो हातातच आहे. चेन आणि वॉर्नेल यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत म्हणजे वरचाच मॉड्युलो. समजा एका पिक्सेलचं मूल्य १४७ आहे आणि पायरी १६ ची ठरवली. बिट ० साठी १६ च्या पटी: १२८, १४४, १६०. बिट १ साठी त्याच ८ ने सरकवलेल्या: १३६, १५२, १६८. ० दडवायचा तर १४७ चा १४४ करा, १ दडवायचा तर १५२. डोळ्याला फरक जाणवत नाही. ओळखणाऱ्याला मूळ फोटो लागत नाही. चारपेक्षा कमी नॉइज मिसळला तरी बिट बरोबर वाचला जातो. पायरी मोठी केली तर वॉटरमार्क टिकाऊ होतो पण फोटो बिघडतो. या पद्धतीचा मोठा दुबळेपणा मघाचाच आहे: कुणी फोटो पाच टक्के उजळला तर १५२ चा जवळपास १६० होतो आणि १ चा ० वाचला जातो.

स्वतः करून तपासायचं असेल तर

संगणकावर हे पन्नास ओळींत बसतं. चार पातळ्या, ८ चा मॉड्युलो, एक लाख यादृच्छिक चिन्हं आणि तेवढीच यादृच्छिक व्यत्यय-मूल्यं घ्या. आधी नॉइज शून्य ठेवा: एकही चूक यायला नको. आली तर बहुतेक वेळा दोष ऋण संख्यांच्या मॉड्युलोत असतो, कारण काही भाषा −१०.४ चा ८ ने उरलेला भाग −२.४ देतात आणि काही ५.६, दोन्ही −४ ते ४ मध्ये आणून घ्यावेत. मग पाठवलेल्या मूल्यांची सरासरी शक्ती काढा, ती ५.३३ च्या जवळ हवी. आता नॉइज घाला आणि एरर-रेट नोंदवा. व्यत्यय शंभरपट मोठा करून पुन्हा चालवा: एरर-रेट हलता कामा नये. तो हलला तर कुठेतरी दोन टोकांचा हिशेब जुळत नाही. सगळं जुळल्यावर ट्रान्समीटरला दिलेल्या व्यत्ययात मुद्दाम एक टक्का चूक घाला आणि व्यत्यय टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. एरर-रेट कुठल्या आकड्यापाशी उसळतो ते पाहिलं की आपल्या यंत्रणेला चॅनेलचा अंदाज किती अचूक लागेल याचं उत्तर मिळतं.